उताराची गाडी

पूल वाहून गेला तेव्हा महिन्याभरात दुरुस्त होईल, असं गावात जो तो दुसऱ्याला सांगत होता. आठव्या दिवशी मोडक्या खांबांवर फळ्या टाकून माणसांपुरती वाट झाली. दुचाकी हातानं ढकलत नेता येईल एवढी ती रुंद होती. वाट झाली आणि पुलाचं काम तिथंच थांबलं. बस नदीच्या पलीकडे उभी राहू लागली. गाव वर टेकडीवर, नदी खाली, आणि मधे सात किलोमीटरची उतरण. जाताना गुडघे बोलायचे, येताना छाती बोलायची.

याचा सगळ्यात जास्त त्रास मिस्त्रीच्या सुनेला झाला. ती शहरातल्या दवाखान्याच्या धुलाईत चादरींना इस्त्री करायची. बस दारात येत होती तोवर ठीक होतं. आता पहाटे साडेचारला निघायचं, नदीपर्यंत चालायचं, पलीकडे बस धरायची, दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि संध्याकाळी तोच रस्ता चढून यायचा. आली की ती उंबऱ्यावर बसून पाय बादलीत सोडायची. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. मिस्त्रीला इंजिनाचं दुखणं आवाजावरून कळे, माणसाचं कळत नसे. पण हे नख त्यालाही दिसत होतं.

घरात दोघंच. मिस्त्रीचा मुलगा तीन वर्षांपूर्वी कामासाठी लांब गेला होता आणि तिकडे त्यानं दुसरा संसार मांडला होता. ही बातमी सासऱ्याला ठाऊक होती, सुनेलाही ठाऊक होती, आणि दोघंही ती एकमेकांपासून इतक्या निष्ठेनं लपवत होते की शेजाऱ्यांनाच त्याचा शीण यायचा. सुनेनं खरं तर केव्हाच निघून जायला हरकत नव्हती. ती का राहिली हे मिस्त्रीनं कधी विचारलं नाही. विचारलं तर निघून जाता येतं हे तिलाही आठवेल, अशी त्याला भीती होती.

एका संध्याकाळी पाय बादलीत असतानाच ती म्हणाली, "मामंजी, एक तारखेपासून पाळी सहाची होणार आहे."

"सहाची म्हणजे इथून किती वाजता निघायचं?"

"चालत गेलं तर तीनला. मुकादमीण म्हणत होती, धुलाईच्या मागे बायकांसाठी खोली आहे. एक कॉट रिकामी आहे. महिनाअखेरीपर्यंत काय ते सांग म्हणाली."

"मग तू काय म्हणालीस?"

"घरी विचारते म्हणाले."

मिस्त्रीनं पान्हा फडक्यानं पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "बघू," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्यानं मोटारसायकल आणली.

ती गाडी ओव्हरसियरची. चाळीस वर्षांपूर्वी हाच पूल बांधायला तो गावात आला, तेव्हा तिच्यावर बसून रोज उतरण उतरायचा आणि धूळ खाली बसायच्या आत परत वर यायचा. मिस्त्री तेव्हा नुकता मिशा फुटलेला गडी होता. ती गाडी जवळून बघायला मिळावी म्हणून तो तासन् तास रस्त्यात उभा राहायचा. ओव्हरसियर वारला, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये वीस वर्षं कोंबड्यांच्या ताब्यात गेली. ओव्हरसियरीणबाईंच्या पुतण्याला गिरणीसाठी इंजिन हवं होतं. मिस्त्रीनं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं इंजिन, जे दाखवून तो गिऱ्हाइकांवर छाप पाडायचा, ते देऊन टाकलं आणि त्याच्या बदल्यात ही गाडी हातगाड्यावर घालून घरी आणली.

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं मशीन थांबवून पाहिलं. "निमित्त सुनेचं आणि हौस म्हाताऱ्याची," तो म्हणाला. ते अर्धं खरं होतं, म्हणून मिस्त्रीला पुरतं झोंबलं.

सून रात्री आली तेव्हा अंगणात ते धूड उभं होतं. टाकीवर गंज, सीटमधून बाहेर आलेला काथ्या, दिव्याच्या काचेत कोळ्याचं घर.

"ही चालते?" तिनं विचारलं.

"चालेल. पहाटे पावणेपाचला इथून निघायचं, पाचला पुलावर. संध्याकाळी तू बसमधून उतरशील तेव्हा मी खाली उभा असेन. खोलीबिली काही लागणार नाही."

ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. "तुम्हाला चालवता येते?"

"इंजिन ते इंजिन," मिस्त्री म्हणाला. उत्तर प्रश्नाचं नव्हतं, पण ती ते धरून बसली नाही.

आता मिस्त्रीबद्दल एक सांगायला हवं. त्याचं सगळं आयुष्य डिझेल इंजिनांत गेलं होतं. विहिरीवरची, गिरणीतली, ट्रॅक्टरची. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की ती तापते आणि तेल आपोआप पेटतं. त्यामुळे विजेशी त्याचा संबंध घरातल्या दिव्यापुरता. पण कामाची त्याची एक पद्धत होती आणि पंचक्रोशीत तिचा मान होता. कुठलंही यंत्र आलं की तो ते शेवटच्या चकतीपर्यंत उघडायचा, डिझेलमध्ये अंघोळ घालायचा, घासायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि पोत्यावर ओळीनं मांडून ठेवायचा. मग आठ-पंधरा दिवस त्याला हात लावायचा नाही, नुसता बघायचा. "उघड्यावर राहिलं की लपलेलं दुखणं वर येतं," असं तो म्हणायचा. डिझेलच्या बाबतीत ते खोटं नव्हतं.

त्याप्रमाणे ओव्हरसियरची गाडी पोत्यावर आली. पिस्टन, रिंगा, झडपा, साखळी, दातेरी चाकं. आणि एक मुठीएवढी जड वस्तू, मॅग्नेटो. नालासारखा वाकवलेला चुंबक आणि त्याच्या तोंडात फिरणारी तारेची गुंडाळी. किक मारली की ती गुंडाळी फिरते आणि प्लगमध्ये ठिणगी पडते, एवढं मिस्त्रीला ऐकून ठाऊक होतं. गुंडाळी अडकली होती. त्यानं लाकडी हातोड्यानं चुंबकावर चार-सहा ठोके घातले तेव्हा ती सुटली. सुटताच शेजारचा पान्हा उडी मारून चुंबकाला चिकटला, आणि तो ओढून काढताना मिस्त्रीची बोटं चेमटली.

"बघ, अजून जिवंत आहे," त्यानं सुनेला हाक मारली.

तिनं केसातली पिन काढून लांबून धरली. पिन हातातून सुटून खट्‌कन जाऊन बसली. ती हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं, म्हणून मिस्त्रीनं तिला आणखी दोनदा तेच करायला लावलं.

मग त्यानं गुंडाळी एकीकडे आणि चुंबक एकीकडे, असं दोन्ही घासूनपुसून पोत्यावर मांडलं. रिकामं, उघडं, चकचकीत. पंधरा दिवस.

ते पंधरा दिवस तो सुखात होता. चुलीपाशी बसून रिंगा घासायचा, जुन्या पत्र्याचं गॅस्केट कापायचा, आतला गंज सुटावा म्हणून टाकीत खडे घालून ती तान्ह्या पोरासारखी मांडीवर हलवत बसायचा. सून दिवसेंदिवस वाळत होती. एकदा चढणीवर तिला दूधवाल्यानं मागं बसवून आणलं, तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याची चर्चा. त्यानंतर दूधवाला थांबला तरी ती नको म्हणायची. मिस्त्रीनं ते ऐकलं आणि दोन दिवस घास जोरजोरात चावला, बाकी त्याच्या हातात काय होतं?

सोळाव्या दिवशी गाडी जोडून झाली. टाकी काळी, तिच्यावर पिवळी रेघ, ती त्यानं शिंप्याकडचा दोरा ताणून धरून सरळ ओढलेली. संध्याकाळी सून आली तशी त्यानं पेट्रोल सोडलं आणि किक मारली.

गाडी खोकली नाही, शिंकली नाही. नुसता पाय खाली गेला आणि वर आला.

त्यानं पन्नास किका मारल्या. मग शर्ट काढला आणि आणखी पन्नास मारल्या. शिंपी, दूधवाला, दोन रिकामटेकडे कुंपणाशी येऊन उभे राहिले. साठीच्या माणसाला घाम आला की तो कपाळावरून येत नाही, मानेच्या मागून येतो, आणि मग डोळ्यांपुढे काजवे चमकतात. एका किकेनं उलटा हिसका दिला आणि मिस्त्री गुडघा धरून खाली बसला.

"पेट्रोल पितेय ना नक्की?" शिंप्यानं विचारलं. "नाहीतर तू सवयीनं डिझेल घातलं असशील."

रिकामटेकडे हसले. मिस्त्रीनं मान वर केली नाही.

ते गेल्यावर त्यानं प्लग बाहेर काढून इंजिनाच्या माथ्यावर ठेवला. उजेडात ठिणगी दिसत नाही, असं कुणीतरी सांगितलेलं. म्हणून त्यानं घोंगडी डोक्यावरून घेतली आणि गाडीसकट आत शिरला. "आता तू मार किक," तो आतून म्हणाला.

सकाळ-संध्याकाळ चौदा किलोमीटर चाललेल्या पायानं सुनेनं किक मारली.

"दिसली का?"

"परत मार."

तिनं परत मारली. पाचदा, सातदा, दहादा. आत घोंगडीचा वास होता, तेलाचा होता, मिस्त्रीचा स्वतःचा श्वास होता, आणि सगळीकडे काळोख होता. एकदा त्याला वाटलं की दिसली. पण ते त्याच्याच डोळ्यातलं होतं.

"मामंजी, दिसली का?"

"दिसल्यासारखं वाटलं," घोंगडी म्हणाली.

सून गाडीच्या सीटला हात टेकून उभी राहिली. ती खोटं ओळखायची, आणि या घरात ते सोडून द्यायलाही शिकली होती.

महिनाअखेर आठ दिवसांवर आली. मिस्त्रीनं मॅग्नेटो फडक्यात बांधला आणि चालत नदी गाठून शहरात रेडिओवाल्याकडे गेला. तिथं त्यानं ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रयत्न केला. "एका ओळखीच्या माणसाचा आहे," तो म्हणाला. रेडिओवाला त्याच्याच वयाचा होता, डोळ्याला भिंग लावलेला. त्यानं तारा तपासल्या. गुंडाळी ठीक होती. मग त्यानं पेचकस चुंबकाला लावून सोडला. पेचकस क्षणभर रेंगाळला आणि खाली पडला.

"तुमच्या ओळखीच्या माणसानं हा किती दिवस उघडा ठेवला होता?"

"पंधरा."

"तोंडाला लोखंडाची पट्टी न लावता? नुसताच?"

"घासून, तेल लावून," मिस्त्री म्हणाला. "पोत्यावर."

रेडिओवाल्यानं भिंग वर केलं. "जुना चुंबक असा उघडा ठेवायचा नसतो हो. तोंड मोकळं राहिलं की त्याचा जोर उडून जातो. ठोकलाय पण वाटतं?"

"लाकडी हातोड्यानं."

"मग काय, दैव देतं आणि कर्म नेतं. वीस वर्षं कोंबड्यांत पडला होता तेव्हा धड असणार हा."

"जोर परत भरता येत नाही?"

"येतो. त्याचं यंत्र असतं. इथं एकाकडे होतं, तो वारला, पोरांनी भंगारात घातलं. लांब पाठवावा लागेल. दोन महिने धरा." मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "घाई आहे का त्या ओळखीच्या माणसाला?"

मिस्त्रीनं फडकं बांधलं. त्याला खरं तर विचारायचं होतं, की इतकं निगुतीनं केलेलं काम असं कसं उलटलं. पण हे रेडिओवाल्याला विचारण्यासारखं नव्हतं, आणि ज्याला विचारावं असं दुसरं कुणी नव्हतं.

घरी सुनेला त्यानं सगळं सांगितलं. ओळखीच्या माणसाचं मात्र गाळलं. तिनं केसातली पिन काढून चुंबकाला लावली. पिन चिकटली, पण तिरकी होऊन सावकाश घसरत खाली आली. तिनं ती उचलून परत केसात खोचली.

"मी चांगलं म्हणूनच केलं," मिस्त्री म्हणाला.

"मला माहीत आहे."

"तू घासलेलं बघितलंस ना?"

"बघितलं, मामंजी. जेवून घ्या."

उरलेल्या दिवसांत त्यानं मॅग्नेटो पुन्हा बसवला आणि जे जे सुचेल ते केलं. प्लग चुलीवर गरम करून बघितला. ठिणगीचे पॉइंट घासले. शेवटी शिंपीच चेष्टा सोडून म्हणाला, "मिस्त्री, एकदा मोठ्या उतारावर सोडून बघ की. आपोआप घेईल."

"ढकलून चालू होतं ते इंजिन नव्हे," मिस्त्री म्हणाला. "तो उचलून पंगतीला बसवलेला आजारी माणूस." उतारावर ट्रॅक्टर लावून ठेवणाऱ्यांना तो चाळीस वर्षं हेच ऐकवत आला होता. किकेवर चालू होईल तीच गाडी दुरुस्त, असा त्याचा धर्म. त्यात खाली जाऊन बंदच राहिली तर सगळ्या गावादेखत सात किलोमीटर वर कोण ढकलणार, हीही धास्ती होती. ती त्यानं धर्माच्या मागं झाकून ठेवली.

महिना संपायला एक दिवस उरला तेव्हा सून म्हणाली, "मी मुकादमीणबाईंना हो सांगितलं."

"बरं केलंस," मिस्त्री म्हणाला.

"सुट्टीला येत जाईन."

"येशीलच की."

"डब्यांवर सगळं नीट लिहून ठेवलंय. तुमच्या गुडघ्याचं तेल वरच्या फळीवर आहे."

तो हो हो म्हणत राहिला. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर तासभर होते. पण तिच्या पायाचं नख आता पुरतं गळून गेलं होतं, आणि ते बघितल्यावर कुठल्या तोंडानं म्हणणार?

सकाळी एक पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि बादली निघाली. दूधवाल्यानं विचारलं, मी नेऊ का म्हणून. "घरात गाडी असताना?" मिस्त्री म्हणाला. उतरणीला इंजिन कशाला लागतं, चाकं असली की झालं. त्यानं पेटी मागं बांधली, तिच्यावर वळकटी, हॅण्डलला बादली. पेटीच्या पुढं सुनेसाठी बोटभर जागा उरली. शिंप्याच्या दुकानावरून तो गाडी ढकलत गेला. शिंप्यानं मशीन थांबवलं, पण बोलला नाही. मिस्त्रीला वाटलं, याच्यापेक्षा चेष्टा परवडली.

गावाबाहेर तो सीटवर बसला, सून त्याच्या मागं बसली आणि त्यानं पाय उचलले. गाडी आवाज न करता निघाली. वारा लागायला लागला. बादली हॅण्डलवर खडखडत होती. पहिल्या वळणानंतर वेग वाढला, आणि मिस्त्रीनं ब्रेक दाबला तेव्हा कळलं, की एवढ्या ओझ्याला ब्रेक पुरत नाही. सुनेनं मागून त्याचा शर्ट घट्ट धरला.

"मामंजी, हळू."

"हळूच चाललोय," तो म्हणाला, आणि दुसरं वळण अंगावर आलं. वेग मोडायचा एकच उपाय त्याला ठाऊक होता. त्यानं क्लच दाबून गाडी गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. मागचं चाक घसटलं, गाडीला गचका बसला, इंजिन गरगरा फिरलं आणि धडाधड पेटलं.

दोघांनाही आधी कळलंच नाही. मग टेकडीवरून आवाज उलटून आला, ओव्हरसियरच्या वेळचा तोच. वेगात फिरवल्यावर त्या मेल्या चुंबकातून पुरेशी ठिणगी पडत होती. पाय मारून पडत नव्हती, एवढंच.

"चालू झाली," सून त्याच्या कानाशी ओरडली. "मामंजी, चालू झाली बघा."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण त्या वेळी मिस्त्रीला ते सुचलं नाही. उतरण संपून सपाटी लागली तरी गाडी पळत होती, मूठ पिळली की आणखी पळत होती, आणि मागं बसलेली पोर हसत होती. आयुष्यात एकदा बसायचं म्हणून चाळीस वर्षं मनात धरलेली गाडी, आणि तिच्यावर तो बसला होता. दोन किलोमीटर तो पूर्ण सुखी होता.

पुलाशी चौकीदारानं हात आडवा केला. फळ्यांवर माणसं होती. मिस्त्रीनं मूठ सैल केली. इंजिन हळू झालं, दोनदा अडखळलं आणि बंद पडलं.

तो किक मारू लागला. एक, दोन, दहा. पलीकडे बसनं हॉर्न दिला. चौकीदारानं पेटी उचलून डोक्यावर घेतली, सुनेनं वळकटी काढली.

"थांब," मिस्त्री म्हणाला. तो धापा टाकत होता. "उतारावर चालू होते ना? म्हणजे रोज होईल. रोज पहाटे मी तुला सोडीन. पाऊण तास लवकर निघू. खोली नको म्हणून सांग त्यांना."

सून थांबली. खरंच थांबली. तिनं गाडीकडे पाहिलं, मागच्या उतरणीकडे पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि येताना?"

इथून वर जायला उतार नव्हता. त्यानं सोय केली होती ती फक्त जायची.

हॉर्न पुन्हा वाजला. सुनेनं वळकटी काखेत घेतली, बादली उचलली. एक पाऊल जाऊन ती परत आली आणि केसातली पिन काढून त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली. "कधीतरी जोर भरून आणलात, तर लावून बघा," ती म्हणाली. मग ती फळ्यांवरून भराभर पलीकडे गेली. बस वळली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली.

पेटी पोचवून चौकीदार परत आला तेव्हा मिस्त्री गाडी वळवून उभी करत होता. गाडी एकट्यानं वळवायला फार जड होती.

"मिस्त्री, येताना तर चालू होती ना? मी आवाज ऐकला."

"होती."

"मग आता काय झालं?"

"आता चढ आहे," मिस्त्री म्हणाला, आणि त्यानं हॅण्डल धरून गाडीला खांदा लावला.